कच्च्या दोऱ्याचा कोट

१

सेनापतींचा कोट दर वर्षी स्मृतिदिनाच्या आधी दुरुस्तीला यायचा, आणि मास्तरीण दर वर्षी त्याच्याकडे पाहून नाक मुरडायची.

शिवणकामाचं दुकान तिच्या वडिलांचं. ते गेल्यावर तिने चालवायला घेतलं, तेव्हा त्यांना मास्तर म्हणणारी गल्ली तिला मास्तरीण म्हणू लागली. पुढे दुकान, मागे घर, मधे एक दार. दुकानात मशीन, इस्त्रीचं टेबल, कोट चढवून ठेवायला लाकडी पुतळा, आणि कोपऱ्यात कपडे घालून बघायची जागा. तीन बाजूंना फळ्या आणि चौथीला पडदा. पडदा धुऊन धुऊन आटला होता, त्यामुळे आत उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे बूट बाहेरून दिसत. नवा पडदा शिवायचं ती किती वर्षं घोकत होती, पण लोकांचे कपडे उरकतील तेव्हा ना!

कोटाचं काम तसं किरकोळ. ब्रश मारायचा, ऊन दाखवायचं, अस्तर विरलं असेल तिथे टाके घालायचे. एरवी तो स्मारकाच्या दालनात काचेच्या कपाटात असे. कुणी अंगात घालायचा नाही. स्मृतिदिनाला त्याला काठीवर चढवून मिरवणुकीने पुलापर्यंत नेत आणि परत आणत. गळ्याशी पहिलं बटण नव्हतं. हरल्यावर सेनापतींनी ते स्वतःच्या हाताने तोडून नदीत फेकलं, असं सांगत. ती जागा गावाने तशीच मोकळी ठेवली होती. दालनात कोपरा जळलेला झेंडा होता, म्यान हरवलेली तलवार होती, आणि चौकात घोड्यावर बसलेले सेनापती होते. जिंकलेल्या माणसाचंही एवढं कौतुक कुठे होत नसेल. मास्तरिणीचे आजोबा त्याच हरलेल्या लढाईत नदीत बुडून गेले, आणि त्यांच्या नावाचा साधा दगडसुद्धा कुठे नव्हता. नाक मुरडायचं ते म्हणून.

धंद्यात वडिलांचा एक नियम होता. शेवटचं बटण गिऱ्हाईक कपडा अंगात घालून उभं राहिल्याशिवाय लावायचं नाही. ते लागलं की कपडा आपला राहत नाही, त्याचा होतो. तीही हा नियम पाळायची.

यंदा तिने कोट पुतळ्यावर चढवला आणि दोन पावलं मागे सरकून पाहिलं. डावा खांदा खाली आला होता.

पुतळ्याचा स्क्रू ढिला झाला असेल म्हणून तिने तो आवळला. खांदा खालीच. मग कोट काढून कुणाचं तरी जाकीट चढवून पाहिलं, तर ते नीट सरळ बसलं. पुन्हा कोट चढवला, पुन्हा खांदा खाली. कपाटात तिरका टांगला असेल, कापड ओघळलं असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण ओघळलेलं कापड बोटाला कळतं. हे ओघळलेलं नव्हतं. हे तसंच बेतलेलं होतं.

२

चहा घेऊन ती पुन्हा कोटाकडे आली आणि तिने गळ्यातली टेप काढली.

सेनापती धिप्पाड माणूस. चौकातला पुतळा सोडा, दालनातल्या तसबिरीतही ते दारात मावणार नाहीत असे दिसत. आणि टेप तर भलतंच सांगत होती. छाती बेताची, बाही लांब, बगलेशी मुंढा अरुंद, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. ती मापं घेत गेली तसतसा तिचा हात मंदावला. ही मापं तिला लिहून ठेवायची गरज नव्हती. दर वर्षी ती याच मापांचे दोन शर्ट शिवत होती.

तिचा धाकटा भाऊ टपाल वाटायचा. इतकी वर्षं डाव्या खांद्यावर पिशवी अडकवून हिंडल्यामुळे त्याचा तो खांदा कायमचा उतरला होता.

‘मास्तरीण, डोकं ठिकाणावर ठेव,’ ती मोठ्याने म्हणाली. मापं जुळतात. गावात एवढी माणसं, कुणाची ना कुणाची जुळणारच.

तेवढ्यात धाकटा आलाच. घाम पुसत, पिशवी दारात टाकून. हसल्याशिवाय ज्याचं वाक्य सुरू होत नाही असा माणूस.

“ताई, ऐकलंस का? आपण सेनापती झालो!”

“कुठले?”

“अगं, यंदा कोट काठीवर नाही नेणार, अंगात घालून नेणार. स्मारकवाल्यांनी गावातले सगळे पुरुष तपासले. कुणाचं पोट आडवं येतंय, कुणाची बगल अडकतेय. मी टपाल द्यायला गेलो होतो, मला म्हणाले, जरा घालून बघा. मी घातला. ताई, असा बसला! तू शिवलेले शर्टसुद्धा असे बसत नाहीत.”

“माझ्या शर्टांना नावं ठेवू नकोस. आणि तू तो कोट घालणार नाहीस.”

“का?”

वडील या कोटाला हात लावायचे तेव्हा धाकट्याला दुकानात येऊ देत नसत. का, म्हणून तिने एकदा विचारलं होतं. वडील म्हणाले होते, “तो माणूस हरला, त्याचं मला काही नाही. पण ते त्याला अजून पटलेलं नाही.”

हे धाकट्याला सांगितलं असतं तर त्याने पोट धरून हसून घेतलं असतं. तिने त्याला चहा दिला.

३

दुसऱ्या दिवशी स्मारकाचे सेक्रेटरी आले. निवृत्त शाळामास्तर, मऊ बोलणारा, कुणाचं वाईट न चिंतणारा माणूस. त्यांनी खिशातून रुमाल काढून टेबलावर उघडला. आत बटण होतं.

“पुलाच्या खांबाचं काम चाललंय ना, तिथल्या वाळूत सापडलं. विश्वास बसतो तुमचा? इतक्या वर्षांनी!” त्यांचे डोळे पाणावले होते. “तेवढं लावून द्या. आता ती जागा रिकामी ठेवायचं कारण नाही. आपण हरलो म्हणून किती दिवस मान खाली घालायची?”

बटणावर गंजाचा ठिपका नव्हता. मागच्या बाजूला मात्र ओल होती, आणि रुमालावर तिचा डाग हळूहळू पसरत होता.

“बटण नाही लावणार,” ती म्हणाली. “आणि माझा भाऊ कोट घालणार नाही. दुसरा कुणी बघा.”

“अहो, तो दुसऱ्या कुणाला होत नाही.”

“मग त्यालाही होणार नाही.”

सेक्रेटरींना राग आला नाही. ते बटण रुमालासकट तिथेच ठेवून गेले.

मास्तरीण कामाला लागली. मुंढा आत घेतला, बाही आखूड केली, पाठीत दोन्हीकडून चिमटे घेतले. डावा खांदा भरून काढून उजव्याच्या बरोबरीला आणला. आता धाकट्याचा हात त्या बाहीत कोपरापर्यंतही गेला नसता. संध्याकाळी दुकान बंद करताना तिला स्वतःचं कौतुक वाटलं. इतकी चांगली बिघडवलेली वस्तू तिने उभ्या जन्मात केली नव्हती.

सकाळी डावा खांदा खाली होता.

तिने बाही उलटी केली. तिचे टाके निघाले होते आणि त्याजागी दुसरे आले होते. घट्ट, जवळजवळ, जाड काळ्या दोऱ्याचे. हात कुणाचा हे शोधायला तिने गाठी पाहिल्या. शिंपी बाहेर बसून शिवतो, त्यामुळे टाका कसा पडेल, कुठे सुटेल, हे ठरलेलं असतं. हे टाके उलटे होते. सुई प्रत्येक वेळी आतून बाहेर आली होती, जणू शिवणारा कोटाच्या आत होता.

तरी तिने पुन्हा उसवलं, पुन्हा बिघडवलं. सकाळी पुन्हा तेच. या खेपेला तिच्या बोटाला सुई टोचलेली नसताना बाहीच्या अस्तरावर रक्ताचा ठिपका होता, तोही आतून.

४

भावजय दुकानात आली ती पायातली चप्पल न काढताच आत येऊन बसली. एरवी टापटिपीची बाई.

“ताई, हे बसत नाहीत.”

“कुठे बसत नाही?”

“कुठेच. जेवतातसुद्धा उभे राहून. आणि हसत नाहीत. मी मुद्दाम त्यांच्या चहात मीठ घातलं. आमची ती जुनी थट्टा आहे. प्यायले आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. कोट घालून बघितल्यापासून हळूहळू असे झालेत. तुम्हीच काहीतरी सांगा. तुमचं ऐकतात.”

मास्तरिणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. ‘होईल सगळं ठीक,’ असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण खोटं बोलवेना. ती मशीनवरून उठली आणि गल्लीत गेली.

धाकटा टपाल वाटत होता. पाठ ताठ, पिशवी खांद्यावर असूनही. एका दारापाशी थांबला, कडी वाजवली. म्हातारी बाहेर आली.

“घरात पुरुष किती?” धाकट्याने विचारलं.

“अरे, तुला माहीत नाही का? मुलगा आणि नातू. पत्र आहे का काही?”

“तयार राहायला सांगा.”

पत्र न देता तो पुढच्या दाराकडे वळला. तिथेही तोच प्रश्न. मास्तरीण पाहत होती, आणि तिला आणखी एक गोष्ट दिसली. तो ज्या दारांवरून गेला होता, त्या प्रत्येक दारात मागून एकेक पुरुष येऊन उभा राहत होता. न्हावी, बेकरीवाला, म्हातारीचा मुलगा. सगळ्यांच्या बुटांना नुकतंच पॉलिश केलेलं होतं.

“धाकट्या!” तिने हाक मारली.

त्याने वळून पाहिलं. ओळखीचंच तोंड, ओळखीचेच डोळे. फक्त आतून दुसरं कुणी बघत असल्यासारखं.

“कोट झाला का, बाई?”

जन्मापासून त्याने तिला ताईशिवाय हाक मारली नव्हती. मास्तरिणीची भीती तिथल्या तिथे संपली असं नाही, पण भीतीच्या वर काहीतरी चढून बसलं. आजोबांना नेलं. त्यांच्या मागे आजीने लोकांची भांडी घासून वडिलांना वाढवलं. आणि आता हा टपालवाला हवा? तिचं डोकं तापलं.

“होतोय,” ती म्हणाली. “उद्या या ट्रायलला.”

५

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकानाची दोन्ही दारं सताड उघडी टाकून, तिने कोट टेबलावर घेतला आणि सगळा उसवला. बाह्या, कॉलर, पाठीचे दोन्ही भाग, छातीला आतून ताठ ठेवणारं कॅनव्हास. कॅनव्हासच्या घडीत नदीचा चिखल होता. ओला. तिने तो बोटाने काढून केराच्या डब्यात टाकला आणि हात साबणाने धुतले.

मग तिने कोट पुन्हा शिवला. अगदी धाकट्याच्या मापाचा. डावा खांदा बोटभर खाली, बाही लांब, मुंढा अरुंद. कोटाला जे हवं होतं ते सगळं तिने दिलं, कुठे अडवलं नाही, म्हणून कोटही गप्प राहिला. फक्त शिवला कच्च्या दोऱ्याने. ट्रायलसाठी धावते टाके घालतात, एक टोक ओढलं की सरसर निघून येणारे, तसे. सगळा कोट तिने एका सलग दोऱ्यात गुंफला आणि त्याचं टोक मागे कोटाच्या लोंबत्या शेपटाच्या घडीत लपवून ठेवलं.

धाकटा आला. कोट घेऊन पडद्यामागे गेला. मास्तरीण सुईत दोरा ओवत होती. ओवता ओवता तिची नजर पडद्याखाली गेली.

आत धाकट्याचे बूट होते. त्यांच्या मागे आणखी एक जोड होता. त्याच्या मागे आणखी. आतली जागा एका माणसाने फिरायचं म्हटलं तरी कोपर आपटेल एवढी. फळ्यांच्या पलीकडे तर भिंतच होती. तरी बूट एकामागे एक, खाली पाणी ठिबकत, मागे मागे दिसेनासे होईपर्यंत उभे होते.

आपली नजर चुकली असेल. उन्हातून आत पाहिलं की असं होतं. तिने डोळे मिटले, उघडले, आणि पुन्हा खाली पाहायचं टाळलं. काही गोष्टींची खात्री करून घेऊ नये.

धाकटा कोट घालून बाहेर आला आणि तिच्यासमोर ताठ उभा राहिला. नियमाप्रमाणे तिने त्याच्या अंगावरच गळ्याशी बटण लावलं, त्याच कच्च्या दोऱ्याने. त्याच्या छातीतून थंड हवा येत होती, तळघराचं दार उघडल्यावर येते तशी.

“पक्कं आहे ना?” त्याने विचारलं. आवाज त्याचा नव्हता.

“माझ्या वडिलांपासूनचं दुकान आहे,” ती म्हणाली. “तक्रार येत नाही.”

६

स्मृतिदिनाला ऊन चांगलं होतं. मिरवणूक निघाली. पुढे जळक्या कोपऱ्याचा झेंडा, मग तलवार, मग कोट घातलेला धाकटा. कोटाचं शेपूट नीट करायला म्हणून मास्तरीण त्याच्या मागे एका पावलावर चालत होती. शिंप्याला तेवढा मान असतो. भावजय बाजूने गर्दीतून धडपडत येत होती.

चौक ओलांडला तेव्हा मागच्या पावलांचा आवाज बदलला. आधी नुसती वर्दळ होती, आता एकच पाऊल पडत होतं. मास्तरिणीने मागे पाहिलं. न्हावी, बेकरीवाला, म्हातारीचा मुलगा, तिचा नातूसुद्धा. सगळे पुरुष ओळीत. ओळीच्या टोकाला सेक्रेटरी, चष्मा नाकावर घसरलेला, तोंड उघडं. त्यांचेही पाय त्याच ठेक्यावर पडत होते आणि ते पायांकडे घाबरून बघत होते.

पुलावर मिरवणूक थांबायची आणि परत फिरायची, असं दर वर्षीचं. धाकटा थांबला नाही. पुलालगत जुना घाट होता, पायऱ्या थेट नदीत उतरणाऱ्या. त्या लढाईत सेनापतींनी सगळ्यांना तिथूनच नदीत उतरवलं होतं. धाकटा पायऱ्यांकडे वळला. त्याच्या मागे ओळ वळली.

“धाकट्या, थांब!”

“मागे राहा, बाई. अजून संपलेलं नाही.”

“संपलंय!” मास्तरीण ओरडली, आणि इतक्या वर्षांचं सगळं तिच्या तोंडून एकदम बाहेर पडलं. “तुम्ही हरलात! ऐकलंत? हरलात! आमची माणसं बुडवलीत आणि हरलात! आता ह्याला नाही देणार!”

तिने शेपटाच्या घडीतलं टोक बोटाला गुंडाळलं आणि ओढलं.

दोरा सरसरत निघाला. पाठ उभी फाकली, एक बाही गळाली, दुसरी गळाली, कॉलर लोंबकळली. बटण टणकन दगडावर पडलं. धाकटा नुसत्या बनियनवर पहिल्या पायरीवर मटकन बसला, जन्मात पहिल्यांदा बसल्यासारखा.

कोट मात्र खाली पडला नाही. एक क्षणभर त्याचे सगळे तुकडे हवेत तसेच राहिले, धाकट्याच्या डोक्याच्या बऱ्याच वर, रुंद खांद्यांवर ताणून बसलेले. आणि ते खांदे हळूहळू तिच्याकडे वळले.

मास्तरीण हलली नाही. तिने मान खाली घातली नाही. मग तुकडे एकेक करून पायऱ्यांवर पडले, आणि मागची ओळ मोडली. लोक झोपेतून उठल्यासारखे एकमेकांकडे बघू लागले.

“ताई,” धाकटा कुडकुडत म्हणाला, “थंडी वाजतेय गं. आणि चहात मीठ कुणी घातलं होतं?”

भावजय रडत रडत हसली आणि तिने त्याला मिठी मारली.

७

गावाने मास्तरिणीला वर्षभर वाळीत टाकलं म्हणा ना. एवढी मोठी आठवण हिने चिंध्या करून टाकली! त्या ओळीत कोण कोण होतं, याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. सेक्रेटरी एकदा तुकडे मागायला आले होते. “ते पडद्यामागे आहेत, घेऊन जा,” ती म्हणाली. ते पडद्यापर्यंत गेले, खाली पाहिलं आणि तसेच परत फिरले. तेव्हापासून ते तिच्याशी अगदी आदराने बोलतात. धाकटा टपाल वाटतो, आणि पुन्हा हसल्याशिवाय त्याचं वाक्य सुरू होत नाही. डावा खांदा आहे तसाच आहे.

तुकडे तिने जाळून पाहिले होते. ओलं कापड पेटत नाही. मग तिने ते तिथेच, पडद्यामागच्या खुंटीवर, वेगवेगळे टांगले. रोज सकाळी बाही पाठीला थोडी जोडलेली असते, आतून, काळ्या दोऱ्याने. रोज सकाळी ती चहाचा कप बाजूला ठेवून उसवते. पाच-दहा मिनिटांचं काम. आता तिने भावजयीलाही उसवायला शिकवलंय. आपण काही कायमच्या पुरणार नाही, एवढं तिला कळतं.

बटण तिने चिंध्यांच्या पिशवीला लावलंय. पक्क्या दोऱ्याने, दुहेरी गाठ मारून. सेनापतींचं तेवढं एकच काम तिने पूर्ण केलंय.

कधी कधी दुपारी गिऱ्हाईक नसतं, मशीन थांबलेलं असतं, आणि पडद्याखाली बुटांची एक जोडी दिसते. मोठे, चिखलाने माखलेले, टाचा जुळवून उभे.

“तयार नाहीये,” मास्तरीण मान वर न करता म्हणते.

बूट थोडे पुढे सरकतात. पडद्याची कड हलते.

“उद्याही नसेल. परवाही नसेल. घाई असेल तर बसा.”

आत बसायला काही नाही, हे तिला माहीत आहे. ती चष्मा लावते, पडदा बाजूला सारते आणि उसवायला घेते.